ऑलिव्ह घरी लावायचंय: कुंडी, पाणी, थंडी आणि फळं

गच्चीबाग
नमस्कार मंडळी. कोथरूडला चौथ्या मजल्यावरच्या गच्चीसाठी ऑलिव्हचं रोप आणलंय. उंची दोन फूट, काळी पिशवी, आत तांबडी माती. गच्चीवर सकाळी दहा ते संध्याकाळी पाच थेट ऊन असतं. कुंडी केवढी घ्यावी, माती कशी हवी, पाणी किती द्यायचं? पुण्यात फळ धरतं का? बाटलीतल्या ऑलिव्हच्या बिया रुजतात का? बहीण सॅन होजेला आहे, तिलाही परसात एक झाड लावायचंय. तिकडच्या जाणकारांनीही लिहा.

खुरपं
कुंडीचं नंतर बघू, आधी ते रोप खरंच ऑलिव्हचं आहे का ते तपासा. आपल्याकडे या नावाखाली तीन वेगवेगळी झाडं विकली जातात.

खरं ऑलिव्ह म्हणजे जैतून, शास्त्रीय नाव ओलिया युरोपिया. पानं समोरासमोर जोडीने येतात, अरुंद, कडा सरळ, वरून राखाडी हिरवी आणि खालून चंदेरी. पान उलटं करून अंगठ्याने चोळलं की खालचा चंदेरी थर किंचित खरखरीत लागतो.

दुसरं सिलोन ऑलिव्ह, म्हणजे एलिओकार्पस सेराटस. हे रुद्राक्षाच्या जातकुळीतलं. पानं एकाआड एक, मोठी, कडेला दाते, आणि जुनं पान गळण्याआधी लालभडक होतं. केरळात त्याच्या फळांचं लोणचं घालतात. झाड चांगलंच आहे, पण ऑलिव्हशी त्याचं नातं नाही.

तिसरं 'ब्लॅक ऑलिव्ह' नावाचं शोभेचं झाड, टर्मिनालिया बुसेरस. हा अर्जुन-हिरड्याचा भाऊबंद. फांद्या आडव्या मजल्यामजल्याने पसरतात आणि पानं फांदीच्या टोकाशी झुबक्याने येतात. सोसायट्यांच्या फाटकाशी हल्ली बरंच दिसतं.

तिघांच्या गरजा पूर्ण वेगळ्या आहेत. बुसेरसला भरपूर पाणी चालतं, तेवढंच पाणी जैतुनाला दिलं तर दोन महिन्यांत मूळ कुजतं. म्हणून आधी पान बघा, मग पुढचं बोलू.

गच्चीबाग
पानं जोडीने आहेत, कडा सरळ, मागची बाजू चंदेरी. चिठ्ठीवर 'आर्बेक्विना' लिहिलंय.

खुरपं
मग उत्तम. आर्बेक्विना ही स्पेनच्या कॅटलोनियातली जात, आर्बेका गावावरून नाव पडलं. बुटकी, झुकत्या फांद्यांची, लवकर फळणारी. कुंडीसाठी हिच्याइतकी सोयीची जात क्वचितच मिळेल.

कुंडी. रोप आठ इंची पिशवीत असेल तर आधी १२ इंची कुंडी घ्या. एकदम १८ इंचीत लावण्याचा मोह होतो, पण मुळं पोचलेली नसतात तिथली माती आठवडाभर ओली राहते आणि तिथूनच कूज सुरू होते. दोन वर्षांनी १६ ते १८ इंचीत बदला. मातीची, न रंगवलेली कुंडी सगळ्यात चांगली, बाजूनेही वाळते. प्लास्टिकची असेल तर तळाला बोटभर रुंदीची चार-पाच भोकं हवीत. खाली बशी ठेवू नका. विटेचे तीन तुकडे ठेवून कुंडी जमिनीपासून उचला.

१८ इंची कुंडी ओल्या मातीसकट ६५-७० किलोच्या आसपास जाते. स्लॅबच्या मधोमध न ठेवता बीमवर किंवा भिंतीलगत ठेवा.

माती. मापाने, वजनाने नव्हे:
तांबडी किंवा पोयटा माती ३ भाग,
जाड वाळू किंवा पर्लाईट (हलके पांढरे खनिज दाणे) किंवा विटेचा चुरा ३ भाग,
पूर्ण कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत २ भाग,
कोकोपीट फार तर १ भाग.

वाळूच्या जागी क्रश सँड वापरणार असाल तर धुऊन, चाळून, फक्त चाळणीवर राहिलेली जाड कच घ्या. त्यातली पूड ओली झाली की सिमेंटसारखी बसते. विटेचा चुरा हरभऱ्याएवढा असावा. काळी माती अजिबात नको. ती पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि दोन्ही वेळा मुळांना तोडते.

तळाला खडीचा जाड थर देण्याची पद्धत आहे, तिने निचरा सुधारत नाही. बारीक मातीतलं पाणी खालच्या मोकळ्या थरात सहज उतरत नाही, वरच अडकून राहतं. म्हणजे ओला पट्टा मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकांवर जाळीचा तुकडा किंवा एक खापरी पुरते.

भरल्यावर एक चाचणी करा. एक लिटर पाणी एका दमात ओता. मिनिटभरात खालून धार लागली पाहिजे आणि वर डबकं राहता कामा नये. राहिलं तर झाड लावायच्या आधीच मिश्रणात आणखी एक भाग कच घाला.

पागोळी
खुरपं यांनी लिहिलेल्या मातीत एक जोड. पिशवीतल्या तांबड्या मातीचा गोळा तसाच नव्या मातीत ठेवू नका. रोपवाटिकेतली ती माती वाळली की विटेसारखी होते. वरून घातलेलं पाणी गोळ्याला वळसा घालून खाली निघून जातं. बाहेरची माती ओली, आतलं मूळ कोरडं, आणि घरचा माणूस म्हणतो 'रोज पाणी घालतोय तरी सुकलं'.

लावण्याआधी गोळा बादलीत अर्धा तास बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत. मग काडीने बाहेरचा साधारण इंचभर थर हलकेच सोडवा, गोल फिरलेली मुळं सरळ करा, काळपट मऊ झालेली कापा. सगळी माती झाडू नका. खोडाची मान, म्हणजे जिथून मूळ सुरू होतं ती जागा, मातीच्या पातळीवर किंवा बोटभर वरच राहिली पाहिजे. मान पुरली की साल कुजते. कुंडीच्या काठाखाली दोन इंच जागा सोडा. लावल्यावर एकदा भरपूर पाणी आणि आठवडाभर फक्त सकाळचं ऊन, मग उघड्यावर.

गच्चीबाग
रोज संध्याकाळी सगळ्या कुंड्यांना पाणी घालायची घरात सवय आहे. यालाही थोडं थोडं चालेल ना?

खुरपं
नाही, आणि या झाडाचं सगळ्यात जास्त नुकसान याच सवयीने होतं. रोजच्या तांब्याभर पाण्याने वरचा दोन इंच थर कायम ओला राहतो, तळाशी काहीच पोचत नाही. मुळं वरच घोटाळतात आणि मे महिन्यात भाजून निघतात.

बोट दोन इंच आत घाला. तिथे माती कोरडी लागली तरच पाणी, आणि दिलं की खालून वाहीपर्यंत. १२ इंची कुंडीला एका वेळी दोन ते तीन लिटर लागतात. पुण्याच्या हवेत मार्च ते मे दर दोन-तीन दिवसांनी, नोव्हेंबर ते फेब्रुवारी आठ दिवसांतून एकदा, असा साधारण अंदाज. पण वार ठरवून पाणी देऊ नका, बोटाचं ऐका.

घरात या झाडाची कुंडी इतर झाडांपासून वेगळी ठेवलेली बरी. जास्वंद आणि ऑलिव्ह शेजारी असले की पाणी घालणारा हात थांबत नाही.

पागोळी
पावसाळ्याबद्दल सविस्तर लिहिते, कारण महाराष्ट्रात ऑलिव्ह मरतात ती जून ते सप्टेंबरात. उन्हाळा त्यांना मारत नाही.

हे झाड मूळ भूमध्य समुद्राभोवतालच्या हवेतलं. तिथे पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. थंडीत मूळ मंद असतं, त्यामुळे ओल सोसते. आपल्याकडे उलट: पाऊस पडतो तेव्हा माती गरम असते, मूळ जोरात श्वास घेत असतं, आणि त्याच वेळी पाणी हवा हुसकावून लावतं. गरम आणि पाणथळ मातीत फायटोफ्थोरासारख्या कुजीला दोन आठवडे पुरतात.

म्हणून मे संपता संपता कुंडी पारदर्शक पत्र्याखाली हलवा, ऊन लागेल पण पाऊस लागणार नाही अशी. तशी सोय नसेल तर कुंडीच्या एका बाजूखाली वीट सरकवून ती तिरकी करा. तिरक्या कुंडीत तळाशी साचणारं पाणी एका कडेला जमून भोकातून निघून जातं. भोक उताराच्या बाजूला येईल असं बघा. मातीवर पालापाचोळ्याचं आच्छादन असेल तर ते जूनमध्ये काढून टाका. जून ते सप्टेंबर खत बंद. मे अखेरीस मूठभर गांडूळखतात १० ग्रॅम ट्रायकोडर्मा (कूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळून वरच्या थरात घालून ठेवा.

कोकणातल्यांसाठी: तीन हजार मिलिमीटरच्या पावसात उघड्या जमिनीत जैतून लावू नका, छपराखाली कुंडीतच ठेवा. ऑलिव्ह कुळातलं झाड जमिनीतच हवं असेल तर सह्याद्रीचं स्वतःचं आहे: पारजांब, ओलिया डायोइका. महाबळेश्वर, माथेरानच्या रानात दिसतं. नर आणि मादी झाडं वेगळी असतात, फळ लहान आणि जांभळं. आपल्या पावसात ते निर्धास्त वाढतं.

मोसंबी_जालना
फळासाठी ताण द्यायचा का? मोसंबीला आंबे बहार (जानेवारीतला फुलोरा) धरताना पाणी तोडतो, तसं डिसेंबरात पाणी तोडलं तर जानेवारीत फुलं यायला हवीत.

बहार
प्रश्न अगदी योग्य आहे, कारण आपल्याकडे फुलोरा म्हटलं की ताण हेच गणित डोक्यात येतं. मोसंबी-संत्र्याला पाण्याचा ताण बसला की फूलकळी तयार होते. ऑलिव्हचं तसं नाही. पानाच्या बगलेतला डोळा फुलाचा होणार की नुसती फांदी, हे थंडी ठरवते. थंडी मिळाली नाही तर पाणी तोडून, खत तोडून, कल्टार (वाढ रोखणारं औषध) घालून, कशानेच फूल येत नाही. उलट हिवाळ्याच्या शेवटी आणि फुलोऱ्यात ताण बसला तर आलेली फुलंही अर्धवट राहतात, त्यांच्यातला स्त्रीकेसर वाढत नाही आणि नुसती नर फुलं उरतात.

थंडी किती? सात अंश सेल्सिअसच्या आसपासचे तास सगळ्यात जास्त उपयोगी. बारा-तेरा अंशांवरही काम होतं. पण पारा विशीच्या वर गेला की मिळालेल्या थंडीतून वजाबाकी सुरू होते. इथेच पुणं अडतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री दहा अंश मिळतात, पण दुपारी २८-३० होतात आणि रात्रीची कमाई दुपारी खर्च होते. निफाड, नाशिक भागात रात्री आणखी थंड असतात, तरी दुपार तशीच तापते. मुंबईत तर प्रश्नच नाही.

आर्बेक्विना आणि ग्रीसची कोरोनेकी या कमी थंडीवर भागवणाऱ्या जाती. नाशिक पट्ट्यात, कडक हिवाळ्याच्या वर्षी, पाच वर्षांपुढच्या झाडाला चार तुरे आले तर आनंद माना. पण पुण्यात हे झाड पानांसाठी लावायचं, हे मनाशी पक्कं करूनच लावा. पानं खरोखर सुंदर असतात, वाऱ्यावर उलटली की सगळं झाड चंदेरी दिसतं.

भारतात तेलासाठी मोठा प्रयत्न राजस्थानने केला. २००७ मध्ये इस्रायली तंत्रज्ञांच्या मदतीने लागवडीची सुरुवात झाली, आर्बेक्विना, बार्निया, कोराटिना, कोरोनेकी, पिकुआल अशा जाती ठिबकवर लावल्या, बिकानेरजवळ लूणकरणसरला तेलाचा कारखानाही उभा राहिला. तिथे हिवाळ्याच्या रात्री शून्याजवळ जातात आणि पाऊस तुटपुंजा असतो. या दोन्ही गोष्टी आपल्याकडे नाहीत. 'राजस्थानात होतं मग विदर्भात का नाही' असं विचारणाऱ्यांनी रोपांवर पैसे घालण्याआधी आपल्या गावचे जानेवारीतले दुपारचे आकडे बघावेत.

सांताक्लारा
सॅन होजेच्या बहिणीसाठी. तिकडची हवा या झाडाला मानवते, त्यामुळे अडचणी वेगळ्या असतात.

आधी फळ हवं की नको ते ठरवा. फळांचं झाड गाडीच्या वाटेवर किंवा फरशीजवळ लावू नका, पिकून पडलेल्या फळांचे जांभळे डाग निघत नाहीत. नुसतं झाड हवं असेल तर 'स्वॉन हिल' ही फळं न धरणारी जात घ्या, तिचे परागकण हवेत उडत नाहीत. 'लिटल ऑली' ही बुटकी जात कुंपणासाठी. ऑलिव्हच्या परागांची ॲलर्जी तीव्र असते. लास व्हेगास ज्या क्लार्क काउंटीत आहे तिथे परागकण सोडणाऱ्या ऑलिव्हवर बंदी आहे. घरात दम्याचा रोगी असेल तर हे आधी बघा.

जात. एकच झाड लावणार असाल तर आर्बेक्विना किंवा कोरोनेकी, दोन्ही बऱ्यापैकी स्वतःच्या परागांवर धरतात. लोणच्यासाठी मोठं फळ हवं असेल तर मॅन्झॅनिलो किंवा मिशन. मॅन्झॅनिलोला जवळ दुसऱ्या जातीचं झाड असलं की फळधारणा सुधारते. परागीभवन वाऱ्याने होतं, मधमाशीची गरज नाही. फुलांपैकी शेकडा एक-दोनच फळं होतात, बाकीची झडतात. ती बघून घाबरू नका.

जागा. दक्षिणेकडे तोंड असलेली, निदान सहा तास उन्हाची. तिकडच्या चिकण मातीत खड्डा करून त्यात सुपीक माती भरली तर तो खड्डा हिवाळ्यात हौद होतो. त्याऐवजी एक फूट उंच आणि चार-पाच फूट रुंद मातीचा उंचवटा करा आणि झाड त्यावर लावा. जिथे पूर्वी टोमॅटो, वांगी, बटाटे होते ती जागा टाळा. त्या मातीत व्हर्टिसिलियम बुरशी वर्षानुवर्षं तग धरते. तिची खूण म्हणजे उन्हाळ्याच्या तोंडाला अचानक एकच फांदी वाळते आणि सुकलेली पानं फांदीला चिकटून राहतात. त्यावर औषध नाही, फक्त फांदी कापून झाडाला सांभाळणं एवढंच हातात.

थंडी. मोठं झाड उणे पाच अंशांपर्यंत कोवळे शेंडे गमावून निभावतं, उणे दहाच्या खाली खोडालाच इजा होते. सॅन होजेच्या परिसरात, म्हणजे बे एरियात, ही भीती नाही. झाडावरची फळं मात्र उणे दोनच्या सुमारास खराब होतात.

फळमाशी. बॅक्ट्रोसेरा ओलिई, १९९८ मध्ये कॅलिफोर्नियात पहिल्यांदा सापडली आणि आता परसातल्या फळांचा मोठा शत्रू तीच आहे. आतली कोय कडक झाली, साधारण जूनअखेर-जुलै, की मादी फळात अंडी घालते. टॉरुला यीस्टच्या गोळ्या पाण्यात टाकलेला सापळा झाडाच्या सावलीच्या बाजूला टांगा. स्पिनोसॅड हे कीटकनाशक असलेलं आमिष दर आठवड्या-दोन आठवड्यांनी काढणीपर्यंत फवारा. पडलेलं प्रत्येक फळ उचलून बंद पिशवीत कचऱ्यात टाका, खतात नाही. शेजारच्या झाडांवर माश्या असतील तर एकट्याने फवारून फारसं साधत नाही, शेजाऱ्यांशी बोलावंच लागतं.

हिमफूल
न्यू जर्सी, शिकागो, टोरांटो अशा ठिकाणी राहणाऱ्यांनी कुंडीच धरावी. कुंडीतलं मूळ जमिनीतल्यापेक्षा कमी थंडी सोसतं, म्हणून रात्रीचा पारा शून्याखाली टिकायला लागला की आत घ्या. कुठे आत, हे महत्त्वाचं. दिवाणखान्यात, हीटरच्या झोतासमोर ठेवलं की महिन्याभरात पानांचा सडा पडतो, कारण हवा कोरडी, ऊन कमी आणि उष्णता जास्त. गरम न केलेलं गॅरेज किंवा बंद व्हरांडा, जिथे चार ते दहा अंश राहतात आणि खिडकीतून उजेड येतो, ती खरी जागा. तिथे फुलांसाठी लागणारी थंडीही आपोआप मिळते, म्हणजे पुण्यापेक्षा तुमच्याकडे फुलं येण्याची शक्यता जास्त. पाणी महिन्यातून दोनदा पुरतं. एप्रिलमध्ये बाहेर काढताना पहिले दहा दिवस सावलीत, नाहीतर पानं करपतात.

तुळसवृंदावन
पानं पिवळी पडली की एप्सम सॉल्ट घालतात ना? आणि महिन्यातून एकदा ताक? गुलाबाला दोन्ही लागू पडतं.

खुरपं
तुळसताई, गुलाबाचं इथे चालणार नाही. ताक, वापरलेली चहापत्ती, व्हिनेगर यांनी माती आंबट होते. ऑलिव्हला उदासीन ते चुनखडीयुक्त माती आवडते, सामू (पीएच) साडेपाच ते साडेआठपर्यंत चालतो. बोअरचं जड पाणी इतर झाडांना त्रास देतं, याला फारसा देत नाही. एप्सम सॉल्ट म्हणजे मॅग्नेशियम. जुन्या पानांत शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा अशी खूण दिसली तरच त्याचा उपयोग.

पिवळेपणाचं कारण आधी ओळखा.

मार्चमध्ये आतली, जुनी पानं पिवळी होऊन गळतात, शेंडे हिरवेगार असतात: काही करू नका. पान दोन-तीन वर्षं जगतं आणि नव्या पालवीच्या वेळी जुनं गळतं.

नवी-जुनी सगळी पानं फिकी, मऊ, हात लावताच गळतात, माती ओली: पाणी जास्त झालंय. झाड कुंडीतून काढून मुळं बघा. निरोगी मूळ पांढरट पिवळं आणि कडक असतं. कुजलेल्या मुळाची साल चिमटीत धरून ओढली की मोज्यासारखी निघते आणि आत नुसता दोरा राहतो. कुजलेला भाग निरोगी पेशीपर्यंत कापा, जेवढं मूळ गेलं त्या प्रमाणात फांद्याही कमी करा, कोरड्या ताज्या मिश्रणात आणि लहान कुंडीत लावा, आठवडाभर सावली. फॉसेटिल ॲल्युमिनियम या बुरशीनाशकाचं द्रावण पाकिटावरच्या प्रमाणात देता येतं, पण निचरा न सुधारता औषध दिलं तर पैसे वाया.

पानं गुंडाळल्यासारखी, राखाडी, कडक, पण फांदीवर टिकून: तहान. कुंडी बादलीत बुडवा.

पानाचं टोक पिवळं, देठाकडचा भाग हिरवा, शेंडे मरून झाडूसारखे बारीक फुटवे: बोरॉनची कमतरता. ऑलिव्हला बोरॉन इतर फळझाडांपेक्षा जास्त लागतं. बोरिक ॲसिड लिटरला १ ग्रॅम, फुलोऱ्याआधी पानांवर एकच फवारणी. मातीत चमच्याने घालू नका. कमी आणि जास्त यांच्यातलं अंतर फार थोडं आहे आणि जादा बोरॉन मूळ जाळतं.

खत पुण्याच्या हिशोबाने: फेब्रुवारीअखेर आणि सप्टेंबरअखेर दोन मुठी गांडूळखत आणि ५० ग्रॅम निंबोळी पेंड, १२ इंची कुंडीला. मार्च ते मे दर तीन आठवड्यांनी १९:१९:१९ हे विरघळणारं खत लिटरला २ ग्रॅम, ओल्या मातीत. यापेक्षा जास्त नत्राने लांबलचक मऊ फांद्या येतात आणि त्यांच्यावर खवले कीड तुटून पडते.

गच्चीबाग
खवले कीड कशी ओळखायची? शेजारच्या मोगऱ्यावर काहीतरी आहे.

पागोळी
मोगरा, जाई, जुई, पारिजातक आणि ऑलिव्ह एकाच कुळातले. त्यामुळे काही किडी सामाईक असतात, मोगऱ्याकडे लक्ष ठेवलं तर ऑलिव्हवरचं संकट आधी कळतं.

खवले कीड म्हणजे फांदीवर आणि पानाच्या मधल्या शिरेवर चिकटलेले तपकिरी-काळे, घुमटासारखे ठिपके. नखाने खरवडले की सुटतात. मुंग्यांची रांग आणि पानांवर काजळीसारखा काळा थर ही लांबून दिसणारी खूण. काजळी पुसत बसू नका, कीड गेली की ती थांबते. जुन्या दात घासायच्या ब्रशने साबणाच्या पाण्यात फांद्या घासा. मग निंबोळी तेल ५ मिली आणि द्रव साबण १ मिली एक लिटर पाण्यात, संध्याकाळी, पानांच्या मागून, दहा दिवसांच्या अंतराने तीनदा. कुंडीच्या काठाला मुंग्यांसाठी चिकट पट्टी लावा, कारण मुंग्या त्या किडीची राखण करतात.

शेंड्याची पानं जाळ्याने एकत्र गुंडाळलेली दिसली तर आत हिरवी अळी असते. ती मोगऱ्यावरही येते. हाताने काढा. जास्त असतील तर बीटी (अळ्या मारणाऱ्या जिवाणूची) पावडर लिटरला एक ग्रॅम.

बहार
छाटणीबद्दल कोणी लिहिलं नाही.

ऑलिव्हचं फूल मागच्या वर्षी वाढलेल्या फांदीवर येतं, आणि एकदा फळलेल्या जागी पुन्हा येत नाही. म्हणून कुंपणासारखं सगळीकडून कातरलं की पुढच्या हंगामाची सगळी फळं कात्रीत जातात. छाटणी वर्षातून एकदा, एकूण पानोऱ्याच्या चौथ्या भागापेक्षा जास्त नाही. क्रम असा: वाळलेली फांदी, मुळाशी आलेले फुटवे, आत सरळ वर चढणारे जोमदार फुटवे, एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या. मग मधला भाग मोकळा करा, पेल्यासारखा. मध्ये ऊन शिरलं की खवले किडीची पिल्लं उन्हाने मरतात, म्हणून मोकळं झाड निरोगीही राहतं. कुंडीत एक खोड दीड-दोन फुटांपर्यंत मोकळं ठेवून वर तीन-चार फांद्या राखा.

वेळ: आपल्याकडे फेब्रुवारीचा उत्तरार्ध. कोणत्याही परिस्थितीत पावसाळ्यात नाही.

सांताक्लारा
वेळेबाबत कॅलिफोर्नियासाठी थोडा फरक आहे. हिवाळ्यात, पावसाच्या दिवसांत छाटलं की जखमेतून ऑलिव्ह नॉट हा जिवाणूचा रोग शिरतो आणि फांदीवर खडबडीत गाठी येतात. गाठीच्या वरची फांदी कमजोर होऊन वाळते. म्हणून पाऊस संपल्यावर, कोरड्या हवेत छाटा. गाठ कापायची तर तिच्याखाली बोटभर सोडून, प्रत्येक कापानंतर कात्री अल्कोहोलने पुसून. पावसाळी हिवाळ्यात पानांवर मोराच्या डोळ्यासारखे गोल डाग येतात, ती बुरशी. नोव्हेंबरमध्ये, पहिल्या मोठ्या पावसाआधी, तांबंयुक्त बुरशीनाशकाची फवारणी दोन्ही रोगांवर उपयोगी पडते. फळं काढून झाल्यावरच फवारा.

बहार
बरोबर. दोन्हीकडे नियम एकच: कात्री आणि पाऊस एकत्र येऊ देऊ नका. पावसाचे महिने वेगळे म्हणून छाटणीचे महिने वेगळे.

गच्चीबाग
बाटलीतल्या बियांचं राहिलं.

खुरपं
रुजत नाहीत. बाटलीतली फळं कॉस्टिक सोड्यातून किंवा महिनोन्‌महिने खारातून गेलेली असतात, बऱ्याचदा उष्णताही दिलेली असते. आतला गर्भ मेलेला असतो. झाडावरच्या ताज्या फळाची बी रुजते, पण कोयीचं टोक नेलकटरने किंचित कापून, दोन दिवस भिजवून, थंड दिवसांत पेरावी लागते, आणि तरी दोन-तीन महिने लागतात. ते झाड आईसारखं निघत नाही आणि फळायला आठ-दहा वर्षं घेतं. मागाहून कलम बांधण्यासाठी खुंट म्हणून त्याचा उपयोग.

घरी रोपं वाढवायची तर काडीपासून. पावसाळा ओसरल्यावर, पेन्सिलीपेक्षा थोडी बारीक, अर्धवट पिकलेली, १२ ते १५ सेंटिमीटरची काडी. वरची चार पानं ठेवा, खालची काढा, खालच्या टोकाला एका बाजूने बोटाच्या पेराएवढी साल खरवडा. आयबीए (मुळं फुटायला मदत करणारं संप्रेरक) ३००० पीपीएम पावडर लावून पर्लाईट-कोकोपीट निम्मं निम्मं. वरून प्लास्टिकची पिशवी, उजेड पण थेट ऊन नाही. दोन ते तीन महिन्यांनी मुळं. आर्बेक्विना आणि कोरोनेकी सहज मुळं धरतात, कालामाटा फार हट्टी, तिची कलमंच करतात.

तुळसवृंदावन
सॅन होजेला फळं आली तर लगेच खाता येतात का?

सांताक्लारा
झाडावरून तोडलेलं ऑलिव्ह तोंडात धरवत नाही. ओल्युरोपीन नावाच्या द्रव्याने ते कडूजहर असतं, काळं पिकलेलंही. ते काढण्याच्या पद्धती अनेक, त्यातली घरी सगळ्यात सोपी म्हणजे कोरडं मीठ. आपल्या लोणच्यांच्या हाताला ती लगेच जमते.

पूर्ण काळी, थोडी सुरकुतलेली मिशन जातीची फळं घ्या. माशीने टोचलेली, मऊ पडलेली वेगळी काढा. फळांच्या निम्म्या वजनाचं जाड मीठ, आयोडीन नसलेलं: एक किलोला अर्धा किलो. तळाला फटी असलेल्या लाकडी खोक्यात जाड सुती कापड, त्यात मीठ आणि फळं एकत्र कालवून भरा, वर इंचभर मिठाचा थर. खाली ताट ठेवा, काळं पाणी गळतं आणि त्याचे डाग जात नाहीत. आठवड्यातून एकदा सगळं दुसऱ्या खोक्यात उलटं करून कालवा, पुन्हा वर मीठ. चार ते पाच आठवड्यांनी एक धुऊन चाखा. कडवटपणा गेला असेल तर चाळून मीठ झाडा, उकळत्या पाण्यात काही सेकंद बुडवून काढा, रात्रभर कापडावर वाळवा, ऑलिव्ह तेलाचा हात फिरवा आणि फ्रीजमध्ये ठेवा.

लसूण किंवा मिरची घालून तेलात बुडवलेली बरणी फडताळात ठेवू नका. आपलं कैरीचं लोणचं आंबट असतं म्हणून बाहेर टिकतं. ऑलिव्हला तो आंबटपणा नाही, आणि तेलाखाली हवा नसल्याने बोट्युलिझमचा जिवाणू वाढू शकतो. वासाने किंवा चवीने ते कळत नाही. थोडंच करा, फ्रीजमध्ये ठेवा, चार दिवसांत संपवा.

आणि एक वर्ष भरपूर फळं आली, पुढच्या वर्षी मोजकीच आली तर झाड आजारी समजू नका. भरभरून फळलेल्या वर्षी नव्या फांद्या कमी वाढतात आणि पुढच्या वर्षीचं फूल त्यांच्यावरच यायचं असतं. खूप फळं धरलेल्या वर्षी कोय कडक होण्याआधी विरळणी करा, फांदीच्या फूटभर लांबीत पाच-सहा फळं ठेवून बाकीची काढा. राहिलेली मोठी होतात.

गच्चीबाग
रोप उद्या १२ इंची कुंडीत हलवतेय. गोळा भिजवून, मान वर ठेवून. आता मे चालू आहे, लगेच चालेल की पावसाळ्यानंतर?

पागोळी
मे असेल तर थांबा. मुळं छेडल्यावर ती सावरायला चार-सहा आठवडे लागतात, आणि नेमका तेव्हा पाऊस सुरू होईल. पिशवीला खालच्या बाजूने चार भोकं वाढवा, पत्र्याखाली ठेवा, बोट घालून पाणी द्या. मिश्रण आत्ताच करून गोणीत भरून ठेवा, म्हणजे शेणखत कच्चं असलं तरी तोवर मुरेल. कुंडी ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात बदला.

गच्चीबाग
ठीक. ऑक्टोबरात बदलते आणि मुळांचा फोटो इथे टाकते.